वर्षावासाची सांगता

(गोंदिया जिल्ह्यातील एका गावच्या बुद्धविहारात अश्विन पौर्णिमेला केलेले भाषण)



आज अश्विन पौर्णिमा. आज आपला वर्षावास संपला. आषाढ पौर्णिमेला आपण या विहारात बसायला सुरवात केली. तेव्हा शेतात पऱ्हे वर आले होते. मग रोवणी लागली. दिवसभर बांधीत वाकून रोवणी करायची, सांजेला हातपाय धुवायचे, पांढरे लुगडे नेसायचे आणि विहारात यायचे. हे काम सोपे नव्हते. कितीतरी माउल्या वाचन ऐकता ऐकता पेंगत होत्या. पण आल्या. एक दिवस नाही, तीन महिने आल्या. आता हलके धान पिवळे पडू लागले आहे. थोड्याच दिवसांत विळे बाहेर निघतील. त्याच्या आत हा आजचा दिवस.

बाहेर चुलीवर खीर चढली आहे. तिचा वास आम्हालाही येतो आहे. म्हणून आम्ही फार लांबण लावणार नाही. पण खीर वाटण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. आजच्या दिवसाचे खरे काम कोणते, ती ही गोष्ट.

आधी वर्षावास म्हणजे काय ते पाहू. वर्षा म्हणजे पाऊस आणि वास म्हणजे राहणे. पावसाळ्यात एका जागी राहणे, तो वर्षावास. भगवान बुद्धांचे भिक्खू गावोगाव पायी फिरत आणि लोकांना धम्म सांगत. पावसाळ्यातही ते फिरू लागले. तेव्हा लोक कुरकुरू लागले. लोक म्हणाले, पावसाळ्यात कोवळे गवत उगवते, लहान जीव जन्माला येतात. हे भिक्खू ते सारे पायाखाली तुडवतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून बसतात, मग यांना काय झाले? ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली. ते लोकांवर रागावले नाहीत. त्यांनी नियम केला, की पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे.

म्हणजे ध्यानात घ्या, वर्षावासाची सुरवातच लोकांच्या तक्रारीतून झाली. लोकांनी चूक दाखवली आणि भगवंतांनी ती ऐकली.

आता आपल्याकडचा वर्षावास पाहू. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माची दीक्षा घेतली. भदंत चंद्रमणी महास्थविर यांनी ती दिली. मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली आणि 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या वेळी आपला गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता. आपण भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नाहीत, आणि 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब आपल्याला सोडून गेले. त्यांचा बुद्ध आणि धम्म यांवरचा मोठा ग्रंथ पुढे 1957 साली इंग्रजीत छापला गेला. नंतर तो मराठीत आला.

तोच ग्रंथ आपण या तीन महिन्यांत वाचला. गावोगावच्या विहारात तो असाच वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पूर्वी गावात वाचणारा एखादाच असे. तो परगावी गेला की त्या दिवशी वाचन बंद. यंदा आपल्याकडे तसे झाले नाही. यंदा वाचणाऱ्यांत चार जणी अशा होत्या, की ज्या दोन वर्षांपूर्वी कागदावर अंगठा लावत होत्या. जोडाक्षर आले की थांबत, बोट ठेवत, पुन्हा वाचत. कोणी हसले नाही. याचा आम्हाला फार आनंद आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वर्षावासाच्या शेवटच्या दिवसाला पवारणा म्हणतात. पवारणा म्हणजे विनंती करणे, समोरच्याला मोकळीक देणे. कशाची मोकळीक? आपली चूक सांगण्याची. ही रीत कशी पडली, त्याची कथा विनयपिटकात आहे. ती ऐका.

कोसल देशात काही भिक्खू एका ठिकाणी वर्षावासाला राहिले. ते एकमेकांचे मित्र होते. त्यांनी विचार केला, की तीन महिने एकत्र राहायचे तर भांडण होऊ नये. काय करावे? त्यांनी ठरवले, की कोणी कोणाशी बोलायचेच नाही. जो भिक्षा घेऊन आधी येईल त्याने आसने मांडावी, पाणी भरून ठेवावे. जो मागून येईल त्याने झाडून काढावे. पाण्याचा माठ एकट्याला उचलला नाही, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे. पण तोंड उघडायचे नाही. असे तीन महिने गेले. भांडण झाले नाही.

मग ते श्रावस्तीला भगवंतांना भेटायला गेले. भगवंतांनी विचारले, की वर्षावास कसा झाला? ते म्हणाले, फार सुखाचा झाला. भगवंतांनी विचारले, कसा काय? त्यांनी सारी हकिकत सांगितली. त्यांना वाटले, आपली पाठ थोपटली जाईल. पण भगवंत नाराज झाले. ते म्हणाले, की अशा राहण्याला सुखाचे राहणे म्हणत नाहीत. हे तर गोठ्यात जनावरे एकत्र राहतात, कळपात मेंढरे एकत्र राहतात, तसे झाले.

मंडळी, बघा बरं. भांडण झाले नाही, तरी भगवंत नाराज. काहून? कारण तोंड बंद ठेवले म्हणजे मन स्वच्छ होत नाही. बैल एका दावणीला बांधलेले असतात. ते भांडत नाहीत म्हणून त्यांचा संघ झाला का? माणसाला वाचा आहे. माणूस दुसऱ्याची चूक प्रेमाने सांगू शकतो आणि स्वतःची ऐकू शकतो.

त्याच वेळी भगवंतांनी पवारणेचा नियम केला. वर्षावास संपला की सर्व भिक्खूंनी एकत्र जमायचे. प्रत्येकाने उकिडवे बसून, हात जोडून संघाला विनंती करायची, की माझ्याकडून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा तुम्हाला नुसती शंका आली असेल, तरी दया करून मला सांगा. चूक कळली तर मी ती सुधारीन. अशी विनंती एकदा नाही, तीनदा करायची.

यातली एक बाब फार मोलाची आहे. ही विनंती पहिल्यांदा कोण करतो? नवा भिक्खू नाही. सर्वांत जुना, सर्वांत मोठा भिक्खू पहिल्यांदा हात जोडतो. मग त्याच्या खालचा. शेवटी नवा. आणखी ऐका. श्रावस्तीला विशाखा नावाच्या उपासिकेने विहार बांधून दिला होता. तिथे एका पवारणेला पाचशे भिक्खू जमले होते. तेव्हा खुद्द भगवंतांनी त्यांना विचारले, की माझ्या वागण्यात, बोलण्यात तुम्हाला काही दोष दिसतो का? ज्यांनी धम्म सांगितला त्यांनीच आधी विचारले. मग आपण कोण लागून गेलो?

कोणी म्हणेल, गुरुजी, ही भिक्खूंची रीत. आपण संसारी माणसे. आपल्याला काय तिचे? दुसरा म्हणेल, आज दिवस चांगला आहे, पाहुणे आले आहेत, आजच हिशेबाचा आणि चुकांचा विषय काढून वाद कशाला? आम्ही अशांना एका गावाची हकिकत सांगतो. गावाचे नाव घेत नाही. ते आपल्याच जिल्ह्यातले आहे, एवढे पुरे.

त्या गावात बौद्धांची 58 घरे. सांगतेच्या कार्यक्रमाला घरटी 100 रुपये वर्गणी ठरली. 49 घरांनी पैसे दिले. 4,900 रुपये जमले. नऊ घरांजवळ त्या वेळी रोख पैसा नव्हता. त्यांनी पायली पायली तांदूळ आणून दिला. बायांनी तो निवडून दिला, खीरही रांधली. सारे झाले. दुसऱ्या दिवशी वर्गणीदारांची यादी विहाराच्या भिंतीवर लावली. त्या यादीत 49 नावे होती. तांदूळ देणाऱ्यांची नावे नव्हती.

कोणी बोलले का? नाही. नऊ घरे मनात म्हणाली, आम्हाला मोजले नाही. समिती मनात म्हणाली, हे लोक फुकट जेवले असे कोणी म्हणू नये म्हणून आम्ही गप्प बसलो. दोघेही गप्प. पुढल्या वर्षी ती नऊ घरे आली नाहीत. त्यांचे सोयरेही आले नाहीत. त्यापुढल्या वर्षी गावात खिरीचे दोन गंज चढले. एक विहारात, एक वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. बाबासाहेबांचा फोटो दोन्हीकडे. वंदना दोन्हीकडे तीच. आणि लेकरांना कळेना, की आपण कोणत्या गंजाची खीर खायची.

असे काही वर्षे चालले. मग त्या वस्तीत रात्रीचा साक्षरता वर्ग सुरू झाला. दोन्हीकडच्या बाया एकाच वर्गात बसू लागल्या. त्यांना नवे नवे वाचता येऊ लागले, तेव्हा एका सुनेने विहाराची जुनी वही मागून घेतली. ती नावे वाचू लागली. वाचता वाचता वर्गातल्या एका म्हाताऱ्या आजीने विचारले, "बाई, माझं नाव कुठं आहे?" सुनेने दोनदा पाहिले. म्हणाली, "आजी, नाही जी." तेव्हा आजी म्हणाली, "आमचे तांदूळ खिरीत शिजले, पण वहीत नाही आले."

एवढे एक वाक्य. ते वर्षानुवर्षे कोणी मोठ्याने बोलले नव्हते. ते अध्यक्षांच्या कानावर गेले. अध्यक्ष तसे मनाचे वाईट नव्हते. पुढल्या अश्विन पौर्णिमेला ते त्या टोकाच्या घरोघरी गेले. हात जोडून म्हणाले, "तुमचं देणं लिहायचं राहिलं. आज मी ते सर्वांसमोर वाचणार आहे. तुम्ही ऐकायला या." आठ घरे आली. एक घर आले नाही. ते अजूनही येत नाही. कारण काही जखमा लवकर धुतल्या नाहीत तर चिघळतात. म्हणून आम्ही म्हणतो, की वर्षाचे वर्षाला धुवा.

आता तुम्ही म्हणाल, तांदूळ, माळ, मेहनत, असल्या लहान गोष्टी कोणी लिहून ठेवतो का? लिहून ठेवत होते. आपल्या महाराष्ट्रातली लेणी पाहा. कार्ले, कान्हेरी, अजिंठा, नाशिक. डोंगर पोखरून भिक्खूंसाठी विहार केले. त्यांचा मोठा उपयोग पावसाळ्यातल्या मुक्कामालाच होत असे. ही लेणी राजांनीच केली असे नाही. कार्ल्याच्या लेण्यात दगडावर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यात एक सुतार आहे. सुगंधी वस्तूंचा एक व्यापारी आहे. बाया आहेत, भिक्खुणी आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यात एका माळ्याचे नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षे झाली. ज्या राजांच्या काळात ते माळ्याचे फूल वाहिले गेले, त्या राजांची नावे आपल्याला पाठ नाहीत. पण माळ्याचे दान दगडावर आहे. लिहिलेले राहते, ते असे.

नाशिकच्या पांडवलेण्यात तर आजच्या दिवसाचाच हिशेब कोरलेला आहे. दहाव्या नंबरचे लेणे. ते उषवदात नावाच्या माणसाने केले. तो क्षत्रप नहपान या राजाचा जावई. या गोष्टीला सुमारे 1,900 वर्षे झाली. त्याने विणकरांच्या दोन मंडळ्यांकडे 3,000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे. एका मंडळीकडे 2,000 आणि दुसरीकडे 1,000. मूळ ठेव कोणी मोडायची नाही. फक्त व्याज वापरायचे. 2,000 च्या ठेवीला व्याज महिना शेकडा 1. या व्याजातून काय करायचे? जे 20 भिक्खू त्या लेण्यात वर्षावास करतील, त्यांना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे.

आता पाटीवर मांडा बरं. शंभराला 1, तर 2,000 ला महिन्याचे व्याज किती? 20. बारा महिन्यांचे? 240. आणि 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 म्हणजे किती? 240. जमा 240, खर्च 240. एका नाण्याचा फरक नाही.

आणि सर्वांत मोठी बाब पुढे आहे. त्या लेखात कोरले आहे, की हे सारे नगराच्या सभेत जाहीर केले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदले. देणारा राजाचा जावई. त्याला कोण विचारणार होते? तरी त्याचे दान सभेत जाहीर झाले. मग आपल्या घरटी शंभर रुपयांच्या वर्गणीचा हिशेब सभेत वाचायला आपल्याला संकोच का वाटावा? आज कार्यक्रमाचे फोटो मोबाइलवर लगेच येतात. पण हिशेब येत नाही!

ही रीत आपल्या एकट्याचीही नाही. आपल्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचे नाव नॉर्ग्येलिंग. दलाई लामा 1959 साली भारतात आले. त्यांच्या मागे हजारो तिबेटी आले. त्यांतल्या काहींना 1972 साली इथे जमीन देऊन वसवले. त्यांची भाषा वेगळी, पंचांग वेगळे, वंदनेचे सूर वेगळे. पण तिबेटी भिक्खूंच्या परंपरेतही पावसाळ्याचा वास आहे आणि त्याच्या शेवटी पवारणा आहे. तसेच ब्रह्मदेशात. त्याला आता म्यानमार म्हणतात. बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर मूळ तिकडलेच. तिथे वर्षावास संपला की घरोघर दिवे लावतात. लहान माणसे मोठ्यांकडे जातात, वाकून नमस्कार करतात आणि झाल्या चुकांची क्षमा मागतात. म्हणजे हा दिवस जिथे जिथे आहे, तिथे तो मन धुण्याचा दिवस आहे.

मग आपण या विहारात काय करावे? आम्ही चार गोष्टी सुचवतो. त्या तुम्ही तपासून घ्या. पटल्या तर करा.

पहिली गोष्ट. दर अश्विन पौर्णिमेला, खीर वाटण्याआधी, वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचावा. वाचणारा समितीतला नसावा. साक्षरता वर्गातल्या कोणी तरी वाचावा. वाचणाऱ्याची सवय वाढेल आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास वाढेल.

दुसरी गोष्ट. वहीत तीन रकाने करावे. पैसा, धान्य आणि मेहनत. कोणी 100 रुपये दिले, कोणी पायलीभर तांदूळ दिला, कोणी दोन दिवस विहार सारवला, कोणी सरपण आणले. प्रत्येकाचे नाव लिहावे. बाईने दिले असेल तर बाईचे नाव लिहावे. नवऱ्याच्या नावात ते बुडवू नये.

तिसरी गोष्ट. हिशेब वाचून झाला की समितीच्या अध्यक्षाने सर्वांच्या आधी उभे राहावे. आमचे काही चुकले असेल तर सांगा, असे हात जोडून विचारावे. मग सचिवाने, मग बाकीच्यांनी. मोठ्याने आधी विचारले की लहानाला बोलायचे बळ येते. सासूने सुनेला विचारले, तर सून बोलेल. सुनेनेच आधी बोलावे असे म्हणाल, तर ती जन्मभर बोलणार नाही.

चौथी गोष्ट सांगणाऱ्यांसाठी आहे. चूक कशी सांगावी, हेही भगवंतांनी शिकवले आहे. त्यांनी पाच कसोट्या दिल्या आहेत. वेळ पाहून सांगावे. खरे तेच सांगावे. गोड शब्दांत सांगावे. ज्यात भले असेल तेच सांगावे. आणि मनात मैत्री ठेवून सांगावे. दारू पिऊन चौकात ओरडणे म्हणजे चूक दाखवणे नव्हे. पाठीमागे कुजबुजणे म्हणजेही चूक दाखवणे नव्हे. या पाच बोटांत जे बसते तेच बोलावे. एक बोट जरी आखडले, तरी जरा थांबावे.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही अक्षरे शिकलात. कशासाठी? पाटी वाचायला, बसचे नाव वाचायला, सातबारा वाचायला, मजुरीचा कागद वाचायला. हे तर हवेच. पण ज्याला वाचता येते त्याला वहीत कोणाचे नाव आहे ते कळते, आणि कोणाचे नाही तेही कळते. ज्याचे नाव राहिले असेल, त्याचे नाव लिहिणे हे साक्षर माणसाचे काम आहे. पूर्वी आपल्या आईबापांची नावे सावकाराच्या वहीत तेवढी असत. ती काय लिहिली आहेत, हे त्यांना कळत नसे. आज वही आपली, पेन आपला, नावे आपली. तरी आपणच आपल्या माणसाला वहीबाहेर ठेवले, तर बाबासाहेबांच्या डोळ्यांत आपण काय म्हणून दिसू?

तीन महिने आपण ऐकले. आजचा दिवस बोलण्याचा आहे. आता समितीची वही इथे टेबलावर ठेवली आहे. ती वाचायला यंदाच्या वर्गातल्या माउलींपैकी एकीने पुढे यावे. जोडाक्षराला अडली तर अडू द्या. आपण थांबू. वाचून झाले की आमचे अध्यक्ष हात जोडतील, आणि आम्हीही जोडू. तुमच्यापैकी ज्याला काही सांगायचे असेल त्याने मोकळ्या मनाने सांगावे. ज्याचे नाव राहिले असेल त्याने ते आत्ताच लिहून घ्यावे.

मग आपण सारे एका पंगतीला बसू. गंज एकच आहे, आणि खीर सर्वांना पुरेल एवढी आहे.

सर्वांचे कल्याण होवो. नमो बुद्धाय. जय भीम.